आईच्या हाताची सूज, चोवीस हजार रुपये आणि मापाची टेप

माझ्या आईने तीस वर्षं लोकांचे ब्लाउज शिवलेत. हे आधीच सांगून ठेवते कारण पुढे ते कामाला येणारे.

आईचं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं, उजव्या बाजूचं, काखेतल्या गाठी पण काढल्या, नंतर रेडिएशन. सगळं नीट पार पडलं. दीडेक वर्षाने हात जड वाटतो म्हणायला लागली, बांगड्या चढेनात, आणि एक दिवस बघते तर स्वतःच्याच ब्लाउजची उजवी बाही उसवत बसलेली. डॉक्टर म्हणाले हा लिम्फेडेमा, म्हणजे काखेतल्या लिम्फच्या गाठी काढल्यावर लिम्फ नावाचं पाणी हातात साचून येणारी सूज, आमच्या फिजिओथेरपी विभागात दाखवा. तिथली तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरची, आणि त्या तीन आठवड्यांत मी मोबाईल घेऊन बसले.

एकदा शोधलं की मग दिवसभर तेच रील्स येतात. लिम्फॅटिक ड्रेनेज मसाज, सूज गायब, टॉक्सिन बाहेर, वजन पण कमी. नाशिकमधलंच एक सेंटर, घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. आत एसी, मंद म्युझिक, भिंतीवर फ्रेम केलेलं सर्टिफिकेट (ते तीन दिवसांच्या कोर्सचं होतं हे मी नंतर वाचलं, तेव्हा नुसती फ्रेम बघितली) आणि बाजूला बोर्ड, पाच हजार वर्षांची प्राचीन थेरपी. खरं तर हा मसाज डेन्मार्कच्या एमिल व्होडर आणि त्यांच्या बायकोने १९३०च्या दशकात बसवला, आपली आजीसुद्धा त्याच्यापेक्षा जुनी निघेल. पण तेव्हा मला काय माहीत. बारा सेशन, चोवीस हजार, आजच भरले तर फूट डिटॉक्स फ्री. मी तिथेच जीपे केलं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी सात वाजता हाताचं माप घेतलं. आई दिवसभर पोळ्या-भांडी करून आलेली, हात टम्म. चौथ्या सेशनला सकाळी दहाला बोलावलं, परत माप, आणि ती मुलगी म्हणते, बघा काकू, अडीच सेंटीमीटर कमी! मी खूश. रिक्षात आई म्हणाली, "अगं पहिल्या दिवशी तिने काखेजवळ माप घेतलं, आज कोपराच्या जरा वर घेतलं, आणि टेप केवढी आवळली. असं माप घेतलं असतं तर माझा एक ब्लाउज गिऱ्हाइकाला बसला नसता." मी तिच्यावरच चिडले, आई तुला प्रत्येकात खोटच दिसते.

आणि वेळेची गंमत तर अजून वेगळी. ही सूज रात्री झोपून उठल्यावर तशीही उतरलेली असते, दिवसभर हात खाली लोंबला, काम केलं की वाढते. म्हणजे आधीचं माप संध्याकाळी, नंतरचं सकाळी, मध्ये काहीही नाही केलं तरी फरक दिसणारच.

फूट डिटॉक्स म्हणजे पाण्याच्या टबात पाय, त्यात एक मशीन, पंधरा मिनिटांत पाणी चॉकलेटी. बघा किती घाण होती शरीरात! घरी आल्यावर माझा भाचा, दहावीतला, हसायलाच लागला. ग्लासात मिठाचं पाणी, दोन खिळे, नऊ व्होल्टची बॅटरी, थोड्या वेळात तसंच गढूळ तांबूस पाणी. मावशी, यात कोणाचा पाय आहे सांग बरं.

तिथेच थांबायला हवं होतं पण पैसे भरलेत ना, वाया कशाला घालवायचे. सहाव्या सेशनला गरम तेलाने हात असा रगडला की आई ओरडली, तर म्हणे दुखतंय म्हणजे गाठी सुटतायत. दुसऱ्या दिवशी हात लालभडक, गरम, रात्री थंडी वाजून १०२ ताप. सेल्युलायटिस, म्हणजे कातडीचं आणि तिच्याखालचं इन्फेक्शन. पाच दिवस ॲडमिट, सलाईनमधून अँटिबायोटिक, आणि सूज आधीपेक्षा जास्त. फोन केला तर सेंटरवाले म्हणतात हा हीलिंग क्रायसिस आहे, टॉक्सिन बाहेर पडतायत, राहिलेले सेशन कधी घेताय?

इन्फेक्शन पूर्ण उतरल्यावर त्या फिजिओ विभागात गेलो. तिथल्या ताईंनी आधी मनगटापासून दर चार सेंटीमीटरला पेनने खुणा केल्या, दोन्ही हात मोजले, वेळ लिहिली. आईच्या चेहऱ्यावर तेव्हाच समाधान दिसलं, आता कोणीतरी माप घेतंय! मग मसाज, आणि तो इतका हलका की आईला वाटलं अजून सुरू व्हायचाय. लिम्फच्या नळ्या कातडीच्या लगेच खाली असतात, त्यामुळे नुसती कातडी हळूच ताणायची, तेल नाही, रगडणं नाही. सुरुवात सुजलेल्या हातापासून नाहीच, आधी मान, मग दुसरी चांगली काख, छाती, आणि शेवटी हात. त्या म्हणाल्या, पुढचा ट्रॅफिक मोकळा केल्याशिवाय मागच्या गाड्या कुठे जाणार काकू? आणि जोरात रगडलं, गरम केलं की तिथे रक्त वाढतं, पाणी अजून झिरपतं, आमचं झालं तेच.

त्यांनी हे पण स्वच्छ सांगितलं की एकट्या मसाजने भागत नाही. वरून पट्ट्या बांधायच्या, थरावर थर, त्या बांधूनच व्यायाम करायचा, कातडी कोरडी पडू द्यायची नाही, नंतर रोज कॉम्प्रेशन स्लीव्ह. आणि इन्फेक्शन चालू असेल, पायात रक्ताची गुठळी असेल किंवा हार्ट फेल्युअरची सूज असेल तर हा मसाज करतच नाहीत. आमच्या सेंटरने यातलं एकही विचारलं नव्हतं, फक्त जीपे की कार्ड एवढं विचारलं. बरं होईल का विचारलं तर ताई म्हणाल्या पूर्ण जाईल असं मी लिहून देणार नाही, आटोक्यात राहील. तुमच्या घरी कोणाला असं असेल तर माप घेताना स्वतः उभे राहून बघा, तीच जागा, तीच वेळ, दोन्ही हात, आणि समोरचा फिजिओ असेल तर कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर मागा. मी मागितला तेव्हा सेंटरने मला जीएसटी नंबर पाठवला.

पैशांचं म्हणाल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाकली, बिल, जीपेचे स्क्रीनशॉट, डिस्चार्ज कार्ड सगळं जोडून. त्यानंतर सेंटरचा फोन आला, रिफंड पॉलिसीत बसत नाही पण सहा फेशियल फ्री देऊ. नको म्हटलं. तक्रार चालूच आहे.

आई आता दर रविवारी सकाळी सात वाजता स्वतःच्या शिलाईच्या टेपने हात मोजते आणि कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाच्या खाली आकडा लिहिते. परवा तिने ती उसवलेली बाही परत आत घेतली, अर्धं बोट.