एअरसेवा : रद्द विमानाचे पैसे परत मिळवताना

नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचं एअरसेवा हे तक्रारींचं पोर्टल कामाचं आहे, पण पहिली पायरी म्हणून नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्या. फोनवरचं "होऊन जाईल" पुरावा ठरत नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते क्रेडिट शेलमध्ये, म्हणजे पैसे परत न देता कंपनीकडेच जमा ठेवण्यात. रद्द झाल्याच्या मेसेजमधली लिंक घाईत दाबली की पैसे पुढच्या तिकिटासाठी अडकतात. डीजीसीएच्या (विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) नियमानुसार पैसे की क्रेडिट शेल ही निवड प्रवाशाची, कंपनीची नव्हे. क्रेडिट कार्डाने भरलेले पैसे ७ दिवसांत परत यायला हवेत. एजंटकडून तिकीट काढलं असलं तरी जबाबदारी विमान कंपनीचीच, म्हणून "एजंटला विचारा" हे उत्तर मुळीच मान्य करू नका.

गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ असल्याने आणखी एक घोळ होतो. दाबोळीचं विमान रद्द करून मोपाचं दिलं, तर ते घ्यायलाच हवं असं नाही. मडगावहून मोपा गाठणं म्हणजे अख्खा जिल्हा ओलांडणं! पर्यायी विमान नाकारून पूर्ण रक्कम मागता येते. एअरसेवाच्या फॉर्ममध्ये विमानतळाचा कोडही नीट निवडा: दाबोळी जीओआय, मोपा जीओएक्स.

सोबत जोडा: पीएनआर, तिकीट, रद्द झाल्याचा मेसेज, बँक स्टेटमेंट. यात ढिलाई केली की तक्रार हमखास रेंगाळते. उत्तर न देताच ती बंद केली, तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग.