रुगर अमेरिकन: हरणाच्या शिकारीसाठी परवडणारी रायफल, आणि तिच्यासाठी काडतूस

अमेरिकेत पाचशे डॉलरच्या आसपास हरणाच्या शिकारीसाठी नवी बोल्ट-अ‍ॅक्शन (प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढून भरायची) रायफल घ्यायची म्हटलं की दुकानदार बहुतेक वेळा तीन नावं पुढे करतो: रुगर अमेरिकन, सॅव्हेज अ‍ॅक्सिस आणि मॉसबर्ग पेट्रियट. शंभर-दोनशे यार्डांवर हरणाला लागेल इतक्या नेमक्या नळ्या तिन्हींच्या आहेत, त्यामुळे नळीवरून वाद घालण्यात वेळ घालवू नका. कंपनीने पैसे वाचवलेले असतात ते दस्ता, मॅगझिन आणि ट्रिगर या तीन जागी. तिथेच नीट पाहिलं तर रुगर अमेरिकन उजवी ठरते, आणि नव्या शिकाऱ्यासाठी तिच्यात ६.५ क्रीडमूर हे काडतूस घ्यावं असं आमचं स्पष्ट मत आहे.

साध्या पहिल्या पिढीच्या मॉडेलची नळी २२ इंचांची आहे आणि वजन सव्वासहा पौंडांच्या आसपास. दुर्बीण आणि पट्टा लावला की साडेसातपर्यंत जातं. बोल्टला तीन लग्स (बोल्ट बंद धरून ठेवणारे उंचवटे) आहेत, म्हणून तो ७० अंशांतच उघडतो. अ‍ॅक्सिसचा बोल्ट दोन लगांचा आहे आणि तो ९० अंश उचलावा लागतो. जाड हातमोजे घातलेले असताना बोटं दुर्बिणीच्या मागच्या काचेला अडकतात की नाही, ते या वीस अंशांवर ठरतं. ट्रिगर ३ ते ५ पौंडांमध्ये घरी कमी-जास्त करता येतो, मात्र त्यासाठी रायफल दस्त्यातून काढावी लागते. अ‍ॅक्सिसच्या अगदी मूळ मॉडेलचा ट्रिगर जड आहे. तीच घ्यायची असेल तर थोडे जास्त पैसे टाकून अ‍ॅक्युट्रिगरवालीच (ट्रिगर हलका करता येणारी) घ्या.

आता दोषांकडे. रुगरचा दस्ता पोकळ प्लॅस्टिकचा आहे. आत स्टीलचे ठोकळे बसवले असल्यामुळे अ‍ॅक्शन (बोल्ट सामावणारा धातूचा भाग) घट्ट बसते, ही बाजू चांगली. पण पुढचा भाग लवचिक आहे. दुकानातच एक साधी नोट नळी आणि दस्त्याच्या मधून सरकवून अ‍ॅक्शनपर्यंत न्या आणि मग पुढच्या टोकाला अंगठ्याने दाबा. नोट अडकली तर बायपॉडवर (नळीखालच्या दोन पायांच्या टेकूवर) किंवा घट्ट पट्ट्यावर मारलेली गोळी आणि वाळूच्या पिशवीवर मारलेली गोळी एकाच जागी लागणार नाही. जाड सँडपेपर लाकडी दांड्याला गुंडाळून आतली बाजू घासली की काम होतं. तासाभराचं काम आहे, पण बरेच जण ते न करता दुर्बिणीला दोष देत बसतात.

दुसरा दोष फिरत्या मॅगझिनचा. त्यात चार काडतुसं बसतात, पण त्याचा खटका मॅगझिनलाच जोडलेला आणि प्लॅस्टिकचा आहे. बसवल्यावर ‘टक्’ आवाज ऐकाच, शिवाय एकदा खाली ओढून बघा. अर्धवट बसलं तर बोल्ट काडतुसाच्या वरून कोराच पुढे जातो आणि ऐन वेळी चेंबर (काडतूस बसायची जागा) रिकामं सापडतं. एक जादा मॅगझिन घेऊन ठेवा.

तिसरं: या पहिल्या पिढीची सेफ्टी (ट्रिगर अडवणारा खटका) अंगठ्याखाली येते आणि सोयीची आहे, पण ती लावलेली असतानाही बोल्ट उघडतो. रायफल रिकामी करताना हे बरंच. दाट झुडपातून चालताना मात्र फांदीने बोल्टचा दांडा उचलला जाऊ शकतो, तेव्हा अधूनमधून हात लावून पाहा. दुसऱ्या पिढीत सेफ्टी तीन टप्प्यांची आहे, दस्त्याची गालाकडची उंची बदलता येते आणि नळीच्या टोकाला आटे आहेत. किंमत अर्थात वाढते. दर वर्षी दोन-चारच गोळ्या झाडणाऱ्याने त्यासाठी जास्त पैसे देऊ नयेत. ते पैसे सरावाच्या काडतुसांवर जावेत.

काडतुसाची निवड मुख्यतः झटक्यावरून, म्हणजे गोळी सुटताना खांद्याला बसणाऱ्या धक्क्यावरून करा. या वजनाच्या रायफलीत .२४३ विंचेस्टरचा झटका अंदाजे ९ फूट-पौंड, ६.५ क्रीडमूरचा १२-१३, .३०८ विंचेस्टरचा १७ आणि .३०-०६चा २०च्या आसपास बसतो. आकड्यांतला फरक छोटा दिसतो, पण पंधराव्या गोळीनंतर नवखा माणूस .३०-०६वर डोळे मिटून ट्रिगर खेचायला लागतो. एकदा ती सवय लागली की सुटायला वेळ लागतो. .२४३मध्ये १०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी हरणाला पुरते, पण खांद्याच्या हाडावर लागली तर गोळीची बनावट चांगलीच हवी. ६.५मध्ये १४० ग्रेनच्या आसपासची गोळी २७०० फूट प्रति सेकंदाने निघते, आत खोल जाते आणि काडतुसं जवळजवळ सगळीकडे मिळतात. अस्वल किंवा एल्क हे मोठं हरीणही डोक्यात असेल तर मात्र .३०८ घ्या. १९५२पासूनचं काडतूस आहे, लहान गावातल्या हार्डवेअर दुकानातही सापडतं.

दुर्बीण ३-९×४० (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी, पुढची काच ४० मिलिमीटरची) पुरे. व्होर्टेक्स क्रॉसफायर टू किंवा लिउपोल्ड व्हीएक्स-फ्रीडम, दोन्हींपैकी कोणतीही चालेल. रिंगचे स्क्रू टॉर्क रेंचने १५ ते १८ इंच-पौंडांवर आवळा. हाताच्या अंदाजाने आवळले की एक तर नळकांडं चेपतं, नाहीतर झटक्याने दुर्बीण सरकते. झीरो करताना, म्हणजे गोळी लागते तिथेच दुर्बीण जुळवताना, बोल्ट काढून नळीतून २५ यार्डांवरचं लक्ष्य पाहा आणि दुर्बीण त्यावर आणा. एका क्लिकला १०० यार्डांवर पाव इंच सरकणारी दुर्बीण २५ यार्डांवर एक इंच सरकवायला १६ क्लिक लागतात; हे विसरून चार क्लिक देणारे रेंजवर हमखास दिसतात. मग १०० यार्डांवर दोन इंच वर लावा, म्हणजे २०० यार्डांवर जवळपास बरोबर येते. नळी बारीक आहे, तीन गोळ्यांनंतर गरम होऊन लक्ष्यावरचा गोळ्यांचा गट पसरायला लागतो. दर तीन गोळ्यांनंतर बोल्ट उघडा ठेवून तिला निवू द्या.

एडिसन आणि आसपासच्या आपल्या मंडळींसाठी एक महत्त्वाची गोष्ट: न्यू जर्सीत हरणासाठी रायफल चालत नाही, तिथे शॉटगन, मझललोडर (नळीच्या तोंडाकडून भरायची बंदूक) आणि धनुष्यबाणच. पेनसिल्व्हेनियात चालते, पण सीमेलगतची बक्स काउंटी आणि फिलाडेल्फियाभोवतालचा विशेष नियमांचा भाग सेंटरफायर रायफलला (वरची सगळी काडतुसं याच प्रकारची) बंद आहे. त्यामुळे रायफल वापरायची तर पोकोनोच्या डोंगराळ भागाकडे, म्हणजे मन्रो किंवा पाइक काउंटीत जाता येतं. तिथे डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच चमकता नारिंगी रंग अंगावर हवा, आणि प्रथमच परवाना काढणाऱ्याला शिकार-प्रशिक्षणाचा कोर्स सक्तीचा आहे. एच-वन-बी व्हिसावर असाल तर बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याची मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. दुकानात फॉर्म भरायच्या आधी वकिलाशी बोलून घ्या, कारण तिथे चुकीची माहिती देणं हा गुन्हा आहे.

मांस घरी खाणार असाल तर शिसं नसलेली, पूर्ण तांब्याची गोळी घ्या. शिशाची गोळी हाडाला लागून फुटली की तिचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब पसरतात आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९पासून शिकारीला शिशाची गोळी बंदच आहे. तांब्याची काडतुसं महाग पडतात, पण सराव स्वस्त काडतुसांवर करून हंगामाआधी शेवटचा झीरो तांब्याच्या गोळीनेच करा. दोन्ही गोळ्या एकाच जागी लागतील असं धरून चालू नका.