लाकडी टेबल की लोखंडी?

खानापूरच्या भाच्याने गॅरेजमध्ये वर्कशॉप मांडायला घेतलंय, आणि गाडी कामाच्या टेबलावरच अडलीय. त्याला म्हटलं:

खर्चाचं आधी बघू. नवं सागवान परवडत नाही. पण पाडलेल्या घराची जुनी तुळई मिळाली तर लाकडी टेबल स्वस्तात होतं. लोखंडी सहा बाय दोन फुटी सांगाडा, 40×40×5 मिमीच्या अँगलचा (एल आकाराच्या लोखंडी पट्टीचा), सुमारे 40 किलो भरतो. भंगारातला सरळ अँगल बघ, बेळगावात उद्यमबागेच्या बाजूला फॅब्रिकेशनवाले वेल्डिंग करून देतील.

टिकण्याचं म्हणशील तर आपल्याकडचा पाऊस दोघांचाही वैरी. लोखंडाला रेड ऑक्साईडचे, म्हणजे गंज रोखणाऱ्या रंगाचे, दोन हात दिले की निभावतं. लाकूड मात्र फुगतं. माझ्या टेबलाचा खण आषाढात बसतो तो दिवाळीपर्यंत हलत नाही. शिवाय वाळवी! पाय जमिनीला टेकवूच नकोस, खाली फरशीचा तुकडा घाल.

पण हाताला लाकूडच बरं वाटतं. हातोड्याचा दणका ते पोटात घेतं, निसटलेल्या पटाशीची धार वाचते. वेल्डिंगची ठिणगी मात्र त्याला चालत नाही.

सुतारकाम करणार असशील तर लाकडी घे. दुचाकीची इंजिनं उघडणार, ग्राइंडर चालवणार असशील तर लोखंडीच. दोन्ही करायचं असेल तर लोखंडी सांगाड्यावर जाड फळ्या बोल्टने आवळ.