‘८५ चं अ‍ॅव्हरेज’ म्हणून जेटमध्ये तांब्याची तार

माझी गाडी २००८ सालची स्प्लेंडर प्लस, केए २२ म्हणजे बेळगाव पासिंग. बाबांनी घेतली, मी चालवतो. एका सोसायटीची पिग्मी, म्हणजे रोजची बचत, घरोघरी गोळा करतो. हिंडलगा, सुळगा, उचगाव, तुरमुरी, बाची असा वेंगुर्ला रोडचा माझा रोजचा फेरा, गल्ल्या-बोळ धरून पंचेचाळीस किलोमीटर. पैशाचा हिशेब लिहायची सवय असल्यामुळे पेट्रोलचाही लिहितो. किती टाकलं, मीटरला किती होते, सगळं डायरीत. ती डायरी नसती तर मी फसलोय हे मला अजूनही कळलं नसतं.

जून २०२४ मध्ये कर्नाटकाने पेट्रोलवरचा विक्रीकर वाढवला आणि लिटरमागे तीन रुपये चढले. त्याच सुमारास माझ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज साठवरून चोपन्नावर आलं होतं. महिन्याला एकवीस-बावीस लिटर लागणाऱ्या माणसाला हे दुखतं. अशा वेळी एका पंपाशेजारी मांडव दिसला. वर फ्लेक्स: ‘कार्बोरेटर ट्युनिंग कॅम्प, लिटरला ८५ ची हमी, फक्त दोन दिवस’. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. दहा-बारा गाड्या रांगेत उभ्या होत्या. गर्दी बघून विश्वास बसला.

त्यांची पद्धत नीट सांगतो, कारण तीच पद्धत दुसऱ्या गावात वापरली जाईल. पहिल्यांदा गाडी चालू करून कान लावला, रेस दिली आणि म्हणाले, “कार्बोरेटर घासलाय, स्लाइड सैल झालीय.” स्लाइड म्हणजे रेस दिली की कार्बोरेटरमध्ये वर सरकणारा तुकडा. मला उघडून दाखवलं नाही. नवा ‘कंपनीचा’ चौदाशे पन्नास, ट्युनिंगचे साडेतीनशे. मी मान डोलावली. अर्ध्या तासाने बोलावलं. हँडलला शंभर मिलीची बाटली टांगलेली, तिची नळी कार्बोरेटरला. त्यांचाच एक बारीक पोरगा गाडी घेऊन गेला. बाटली संपून गाडी बंद पडेपर्यंत चालवली, फोन केला, आम्ही जाऊन मीटर बघितलं. साडेआठ किलोमीटर. “झाले की पंच्याऐंशी!” मी अठराशे रुपये दिले. पावती मागितली तर “कॅम्पमध्ये पावती नसते” म्हणाले. जुना कार्बोरेटर मागितला नाही. तो त्यांच्या पोत्यात गेला.

पहिले चार दिवस बरे गेले. मग सकाळी गाडी चोक ओढूनच चालायला लागली, आणि चोक ढकलला की बंद. रेस दिली की आधी दचकायची, मग पळायची. रेस सोडली की सायलेन्सरमधून फटफट. मी स्वतःचीच समजूत घालत होतो की नवीन आहे, बसेल हळूहळू. डायरीतला आकडा मात्र खाली येत होता: एक्कावन्न, मग एकोणपन्नास. सकाळी गाडीखाली पेट्रोलचा ओला डागही दिसायचा.

ऑक्टोबरमध्ये बायकोला घेऊन सावंतवाडीला गेलो. जाताना उतार, काही कळलं नाही. येताना आंबोली घाटात गाडीने जीव सोडला. पूर्ण रेस देऊनही तिसऱ्या गिअरमध्ये ओढेना, इंजिनातून टकटक यायला लागली आणि पायाला भाजेल इतकी आच. तीन वेळा थांबलो. धुकं, वळणं, मागून येणाऱ्या बसा आणि कडेला हातात पिशवी घेऊन उभी असलेली बायको. तो तास मी विसरणार नाही. पैसे गेले त्याचं मला एवढं वाटत नाही, तिला तिथं उभं केलं याचं वाटतं.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या ओळखीच्या जुन्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी प्लग काढला. “पांढरा खडू झालाय की रे! कुणाच्या हातात दिलास गाडी?” बरोबर चालणाऱ्या इंजिनाच्या प्लगचं टोक कॉफीच्या रंगाचं असतं. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी आणि इंजिन तापतंय. मग कार्बोरेटर उतरवला. आमच्या मूळ कार्बोरेटरच्या अंगावर केहिन या कंपनीचं नाव ओतलेलं होतं. याच्यावर नावच नव्हतं. पेट्रोल साठणारी खालची वाटी उघडली आणि मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा, काढून माझ्या तळहातावर ठेवला. त्याच्या भोकातून केसासारखी तांब्याची तार ओवलेली, दोन्ही टोकांना वाकवलेली.

मेस्त्रींनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगतो. एक भाग पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. हे माप सांभाळायचं, कार्बोरेटरचं काम एवढंच. स्लोला, म्हणजे रेस सोडलेली असताना, आणि थोड्या रेसला पायलट नावाचा छोटा जेट पेट्रोल देतो, मधल्या रेसला नीडल, म्हणजे स्लाइडला लटकलेली सुई, आणि पूर्ण रेसला मेन जेट. तार घालून भोक बारीक केलं की सपाट रस्त्यावर पस्तीसच्या स्पीडने जाणाऱ्या हलक्या पोराला काही जाणवत नाही. घाटात दोघं बसले की इंजिन उपाशी पडतं. वर नीडलची उंची ठरवणारी क्लिपही सगळ्यात वरच्या खाचेत बसवली होती. क्लिप वर म्हणजे नीडल खाली, म्हणजे पेट्रोल आणखी कमी. ते कमी पडतं म्हणून आपण चोक ओढतो, गिअर पाडतो, रेस जास्त देतो आणि शेवटी पेट्रोल जास्तच जातं. त्यात वाटी भरली की पेट्रोल बंद करणारी फ्लोटची पिन नीट बसत नव्हती, रात्रभर गळती.

मग बाटलीचं काय? मेस्त्रींनी वाटीतलं पेट्रोल औषधाच्या मापात ओतलं. जवळजवळ पंधरा मिली. बाटली जोडताना वाटी भरलेली होती आणि गाडी बंद पडेपर्यंत चालवली, म्हणजे शंभर नव्हे, एकशे पंधरा मिली जळलं. पंच्याऐंशीचे तिथल्या तिथे चौऱ्याहत्तर झाले. उरलेली कसर हलका पोरगा, टॉप गिअर आणि त्यांनीच निवडलेला रस्ता यांनी भरून काढली. बाटलीची टेस्ट करायचीच तर वाटी आधी रिकामी करायला सांगा आणि गाडी स्वतः चालवा. त्यापेक्षा बरं म्हणजे एकाच पंपावर, गाडी मधल्या स्टँडला लावून टाकी काठोकाठ भरायची, दोनशे-अडीचशे किलोमीटर रोजच्यासारखी चालवायची, परत तिथेच काठोकाठ भरायची आणि किलोमीटरला या वेळी लागलेल्या लिटरने भागायचं.

सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. अ‍ॅव्हरेज मुळात चोपन्नावर आलं होतं ते कार्बोरेटरमुळे नव्हतंच. मागचा ब्रेक धरून बसला होता आणि एअर फिल्टर धुळीने गच्च झाला होता. दोनशे रुपयांचं काम. मेस्त्रींनी तेही केलं, टॅपेट बघितले आणि त्यांच्याकडचा एक जुना केहिन साफ करून बसवला. क्लिप मधल्या खाचेत. मग इंजिन चांगलं गरम झाल्यावर स्लोचं पेट्रोल-हवेचं माप ठरवणारा स्क्रू. तो आत फिरवताना हलकाच टेकवायचा, आवळला तर टोक मोडतं. हा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत फिरवला की पेट्रोल वाढतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, आत फिरवला की कमी होतं. कुठला आहे हे ज्याला सांगता येत नाही त्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर देऊ नका. स्लोवर आवाज सगळ्यात चढा आणि एकसारखा येतो तिथे थांबले, स्लो बेताचा केला, झालं.

१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि नव्या गाड्या बहुतेक इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटर नसलेल्या, झाल्या. कार्बोरेटर उरला तो आमच्यासारख्यांच्या जुन्या गाड्यांवर, आणि तो जाणणारे हातही कमी होत चाललेत. कॅम्पवाल्यांना हे बरोबर ठाऊक आहे. आपला चांगला कार्बोरेटर ते पोत्यात घालून नेतात, आपल्याला पत्र्याच्या भावातला माल देतात. जुना भाग मागून घ्या, डोळ्यांसमोर उघडायला लावा, पावती नसेल तर गाडी वळवा. मी पंपावर विचारायला गेलो तर “जागा भाड्याने दिली होती, माणसं माहीत नाहीत” एवढंच उत्तर मिळालं. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे, पण माझ्याकडे दाखवायला कागदाचा कपटा नाही.

सध्या डायरीत एकसष्ट लिहिलंय. ती तार पिग्मीच्या पिशवीतल्या छोट्या डबीत ठेवलीय. फेऱ्यात कुणी गाडीच्या अ‍ॅव्हरेजचा विषय काढला की डबी उघडून दाखवतो. गेल्या आठवड्यात तुरमुरीच्या एका खातेदाराने ती बघितली आणि काही न बोलता घरात जाऊन पाना घेऊन आला. त्याच्या जेटमध्येही तशीच निघाली.