तेरडा आणि सेलाजिनेला: आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात बेळगावच्या आमच्या घरी मी परड्यात खानापूरकडच्या बियांचा तेरडा पेरला आणि ऊन न येणाऱ्या उत्तरेच्या खिडकीत, रोपवाटिकेतून १२० रुपयांना आणलेली सेलाजिनेला अनसिनाटा ही निळसर पानांची वनस्पती ठेवली.

तेरडा आठवड्यात उगवला आणि ऑगस्टमध्ये फुलला, त्यामुळे गौरीसाठी रोपे घरचीच मिळाली. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण एका फुलापुरती खरी आहे. झाड मात्र ऑक्टोबरपर्यंत फुलत राहिले. पाऊस ओसरल्यावर पानांवर भुरी आली, पिकलेली बोंडे हात लागताच फुटून बिया उडाल्या आणि नोव्हेंबरात झाड वाळले.

सेलाजिनेला मला 'निळे शेवाळ' म्हणून विकण्यात आले, हे मात्र खटकले, कारण ते शेवाळ नाही. त्याला खरे खोड, खरी मुळे आणि पाणी वाहून नेणाऱ्या ऊती आहेत. फक्त फूल आणि बी नाही. मूळ चीनमधल्या या वनस्पतीच्या पानांवरची निळी झाक सावलीतच टिकते. सप्टेंबरात मी कुंडी आठ दिवस उन्हात ठेवली तेव्हा ती पार फिकी पडली आणि परत यायला महिना लागला. भिंगातून पाहिल्यास फांदीवर मोठ्या पानांच्या दोन ओळी बाजूंना व लहान पानांच्या दोन ओळी वर दिसतात. बीजाणू, म्हणजे बीऐवजी येणारे सूक्ष्म कण, दोन आकारांचे असतात, आणि फलनासाठी नरपेशीला पाण्यातून पोहत जावे लागते. तेरड्याचे परागकण मात्र कीटक पोहोचवतात. हा फरक कळल्यावर ओलाव्याबद्दलचा सेलाजिनेलाचा हट्ट मला पटला.

खरी परीक्षा डिसेंबरच्या कोरड्या वाऱ्यात झाली. बोअरच्या पाण्याने पानांची टोके करपली, म्हणून साठवलेले पावसाचे पाणी वापरले आणि कुंडीखाली ओल्या खड्यांची थाळी ठेवली, तेव्हा नवे कोंब आले. फांद्यांच्या बेचक्यांतून खाली उतरणारे मुळांसारखे धागे मातीला टेकले की तिथे मुळे धरतात, त्यामुळे वाढवणे सोपे आहे.

ज्यांच्याकडे ऊन आहे त्यांनी तेरडाच लावावा. अंधाऱ्या, ओलसर कोपऱ्यासाठी मी निःशंकपणे सेलाजिनेला सुचवीन. जानेवारीत एका कुंडीच्या तीन झाल्या, त्यांतली एक शेजारच्या वहिनींना दिली. त्यांच्या माजघरातही ऊन येत नाही.