वॉशर-ड्रायर : धुलाई झकास, सुकवणी हाताने सांभाळा

आठ किलो धुलाई, पाच किलो सुकवणी असं लिहिलेलं फ्रंट लोड वॉशर-ड्रायर. पण हे आकडे सुती कपड्यांचे. रिंकल-फ्री शर्ट-पँटींना ड्रम अर्धाच भरायचा, आणि सुकवताना एका वेळी सहा-सात शर्ट, बस्स. जास्त कोंबले की कपडे नुसते गोळा होऊन फिरतात, उलगडत नाहीत. कोपरापाशी बसलेली चुणी मग प्रेसलाही दाद देत नाही.

धुलाईला पैकीच्या पैकी मार्क. सिंथेटिक प्रोग्राम, ४० अंश, स्पिन (पाणी पिळणारी फिरकी) मिनिटाला ६०० फेरे. स्पिन मात्र आठवणीने उतरवा, मशीन आपणहून जास्त धरतं. या प्रोग्रामला कॉटनपेक्षा पाणी जास्त आणि घुसळण कमी, म्हणून घड्या पडत नाहीत. इंदुरात बोरिंगचं जड पाणी असेल तर पावडर नको. गडद पँटींवर पांढरे ओघळ उठतात. लिक्विड वापरा, एक खळबळणं वाढवा. क्लोरीनच्या ब्लीचला तर हातच लावू नका : रिंकल-फ्री सुताला सपाट धरून ठेवणारं रेझिन नावाचं रसायन त्याने सुटतं आणि पांढरा शर्ट पिवळा पडतो.

खरी गोची ‘वॉश प्लस ड्राय’ या एका बटणात आहे. ते दाबलं की पाणी काढायला स्पिन जोरात होतो, शर्ट ड्रमच्या भिंतीला चिकटतात आणि वरून गरम हवा. चुण्या जणू भाजून पक्क्या! त्यापेक्षा धुणं झालं की थांबवा, एकेक शर्ट झटका, निम्मेच आत टाका आणि कमी आचेवर वीस-पंचवीस मिनिटं लावा. शेवटची थंड हवेची मिनिटं कापू नका. थांबल्याबरोबर दार उघडायचं, किंचित ओलसर शर्ट हँगरवर, कॉलरचं बटण लावून, पुढची पट्टी हाताने खाली ओढून. अर्धा तास आत राहिले तर केलेलं सगळं पाण्यात.

ओली वाफ थंड करायला हे मशीन नळाचंच पाणी घेतं. मे महिन्यात गच्चीवरची टाकी तापलेली, मग सुकवणी रेंगाळते. पण मे महिन्यात ड्रायर लावतो कोण? सावलीत टांगलेला शर्ट तासाभरात वाळतो. याचं काम जुलै-ऑगस्टचं.

सुकवणीनंतर दाराच्या रबरी घडीत राखाडी लव साचते. ओल्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर पुढच्या धुण्यात ती काळ्या पँटींवर बसते.