हिरड्यांसाठी डीप क्लिनिंग, लाइट थेरपी की नॅनोवाली लाइट थेरपी?

डेंटिस्टने पायरियासाठी डीप क्लिनिंग सांगितलं, सोबत "लाइट पण मारून घ्या" म्हणाले, मग घरी येऊन सर्च केलं तर नॅनोपार्टिकल वगैरे निघालं आणि डोकं गरगरलं, असं ज्यांचं झालंय त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी डीप क्लिनिंग. दात आणि हिरडी यांच्यातली फट निरोगी तोंडात 1 ते 3 मिमी असते, पायरियात ती खोल होत जाते, तिलाच पॉकेट म्हणतात, आणि आत मुळावर किटण बसतं. ते कडक असतं, कुठल्याही लाइटने विरघळत नाही, खरवडूनच काढावं लागतं. त्यामुळे क्लिनिंगच्या ऐवजी लाइट कोणी ऑफर केली तर सरळ नाही म्हणा.

क्लिनिंगनंतरची साधी लाइट थेरपी म्हणजे पॉकेटमध्ये मिथिलीन ब्लूसारखा रंग सोडतात, थोडं थांबतात आणि बारीक फायबरने साधारण 660 नॅनोमीटरचा लाल प्रकाश टाकतात, रंग ती एनर्जी तिथल्या ऑक्सिजनला देतो आणि तो चिडलेला ऑक्सिजन बॅक्टेरिया मारतो. दुखत फारसं नाही, अँटिबायोटिकच्या गोळ्याही नाहीत, ऐकायला मस्तच. पण गोची अशी की खोल पॉकेटमध्ये ऑक्सिजनच कमी असतो, रंग बायोफिल्मच्या (बॅक्टेरियाच्या चिकट थराच्या) आत नीट शिरत नाही आणि रक्ताने, हिरडीतल्या पाण्याने धुऊन जातो. युरोपियन पेरिओ फेडरेशनच्या (हिरड्यांच्या डॉक्टरांची संघटना) 2020 च्या गाइडलाइनमध्ये तर क्लिनिंगला जोड म्हणून ही लाइट वापरू नका असंच सुचवलंय. घातक आहे म्हणून नाही, जास्तीचा फायदा नीट सिद्ध होत नाही म्हणून.

नॅनोवाला प्रकार ह्याच अडचणींवर काढलेला उपाय आहे, आणि खरं सांगायचं तर आयडिया भारी आहे. जखम शिवायच्या विरघळणाऱ्या टाक्यांमध्ये जे पीएलजीए नावाचं पॉलिमर वापरतात त्याचेच अतिसूक्ष्म कण करून त्यात रंग भरायचा, वरून पॉझिटिव्ह चार्ज द्यायचा, बॅक्टेरियाचा पृष्ठभाग निगेटिव्ह असतो म्हणून कण त्याला चिकटतात आणि रंग हळूहळू सुटतो. सोन्याचे कण प्रकाशाने तापवून बॅक्टेरिया मारायचेही प्रयोग चालू आहेत. पण माणसांवरचं काम अजून तुटपुंजं आहे, 2016 मध्ये छापलेल्या पीएलजीए-मिथिलीन ब्लूच्या ट्रायलमध्ये 10 च पेशंट होते, हिरडीतून रक्त येणं कमी झालेलं दिसलं, पण एवढ्यावर खिसा रिकामा करावा असं मला वाटत नाही. ट्रायलमध्ये जागा मिळत असेल तर वेगळी गोष्ट, कोणी रेग्युलर पॅकेज म्हणून विकत असेल तर मात्र कणात काय आहे आणि कुठल्या पेशंटवर तपासलंय ते आधी विचारा.

माझं मत विचाराल तर पहिला पैसा चांगल्या डीप क्लिनिंगवर, आणि मिश्री-तंबाखू बंद, शुगर कंट्रोलमध्ये (हे दोन नाही केलं तर तिन्ही उपाय लंगडेच). मग दोन-तीन महिन्यांनी पॉकेट परत मोजून घ्या, आकडे लिहून मागा. 4-5 मिमी उरलेत तर पुन्हा क्लिनिंग, 6 किंवा जास्त असेल तर फ्लॅप सर्जरीबद्दल (हिरडी उघडून आतून साफ करणं) बोला. त्यानंतरही लाइट करायचीच असेल तर जी6पीडी (रक्तातल्या लाल पेशींमधलं एक एन्झाइम) कमी असल्याचं किंवा उन्हाने अंगावर रॅश आणणारी औषधं चालू असल्याचं डॉक्टरांना आधीच सांगा.